मार्चचं पाणी

कोत्तपालेम,
८ जानेवारी २०२५

दादा,

जय भीम. तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहिते आहे. खुशाली विचारायला नाही.

परवा आमच्या संशोधन केंद्रावर एक अहवाल आला. इथल्या उथळ समुद्रात जेट्टीसाठी बोटींची वाट खोल करायची आहे, तळाचा गाळ उपसायचा आहे. तो कोणत्या महिन्यांत उपसावा ते अहवालात लिहिलंय. फेब्रुवारी ते एप्रिल. का, तर म्हणे या महिन्यांत इथल्या पाण्यातल्या प्लवकांची वाढ वर्षात सगळ्यात कमी असते, म्हणजे नुकसानही कमी. हा कोण शहाणा, असं मनात म्हणत मी शेवटचं पान उलटलं. खाली सही होती, हर्षदीप चंपत मुनेश्वर.

तू आदिलाबादला बसून उपग्रहाचे फोटो बघतोस. पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो, समुद्र लांबवर गढूळ होतो आणि तुझा उपग्रह त्या गाळाला हिरवळ समजतो. फेब्रुवारीत पाणी निवळतं, तर तो म्हणतो इथं काही नाही. तो गाळ कुठला आहे सांगू? पैनगंगेतून आलेला, आपल्या तामसीच्या रानातला. आपलीच काळी माती दरवर्षी इथवर येते आणि तू तिला प्लवक म्हणून मोजतोस.

मी वर्षभर बोटीतून जाते आहे. एकाच पाण्याने दोन बाटल्या भरायच्या, एक उघडी काच, एक काळ्या कापडात गुंडाळलेली, आणि दिवसभर पाण्यातच टांगून ठेवायच्या. उजेडातल्या बाटलीत प्राणवायू किती वाढला, अंधारातल्या बाटलीत किती घटला, यावरून कळतं की प्लवकांनी किती अन्न तयार केलं. हे तुला मी सांगायला नको. गोव्याला असताना तूच हे करायचास. म्हणून जास्त संताप येतो. दुसऱ्या कोणी अशी सही केली असती तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

फेब्रुवारी ते एप्रिल हाच इथला खरा हंगाम आहे. तेव्हा गाळ उपसला तर पाण्यात उजेड शिरणार नाही, प्लवक वाढणार नाहीत, त्यांच्यावर जगणारी झिंग्याची पिलं मरतील. पुढच्या वर्षी इथली माणसं जाळ्यात काय ओढतील, तुझी सही?

२८ जानेवारीला जनसुनावणी आहे. त्याआधी अहवाल मागे घे. नाही घेतलास तर मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन की तो चुकीचा आहे. आणि तो लिहिणारा माझा सख्खा भाऊ आहे, हेही सांगेन.

दीपमाला


आदिलाबाद,
१४ जानेवारी

दीपमाला,

फोन उचलत नाही कारण तू फोनवर ओरडतेस. बाबांची खाट समोरच्याच खोलीत आहे. त्यांची जीभ गेली, कान शाबूत आहेत. तुझं ओरडणं ऐकलं की ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. म्हणायचं ते लिहूनच म्हण.

धमकी वाचली. मी उपग्रहाची वीस वर्षांची माहिती वापरली आहे. तुझ्याजवळ काय आहे? एक बोट अन् दोन बाटल्या. गढूळपणा वजा करायची रीत असते, ती मी वापरली. इतक्या उथळ पाण्यात ती चालते की नाही यावर वाद आहे, मान्य. वाद आहे म्हणजे माझं चुकलंच असं होत नाही.

गोव्याला मी हेच करायचो म्हणतेस. हो, करायचो. मग काऊन सोडलं? बाबांना लकवा मारला तेव्हा आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरात कोण होतं? तू म्हणाली, पीएचडी होऊ दे, मग मी येते. नऊ वर्षं झाली. उपग्रहाचं काम मी काही हौसेनं धरलं नाही. हैदराबादच्या कंपनीसाठी या खोलीत बसून समुद्राचं तेवढंच करता येतं, म्हणून धरलं. बाबांना उठवायचं, बसवायचं, कपडे बदलायचे, औषध द्यायचं, अन् मधल्या वेळात लॅपटॉप उघडायचा. मी इथं कसा जगून राह्यलो ते तुले माहीत नाही, अन् तू मले पाणी मोजायला शिकवते?

प्लवक हा शब्द तुले कोणी सांगितला? बासरच्या घाटावर, तू अकरावीत होतीस. मी ओंजळीत नदीचं पाणी घेतलं अन् म्हटलं, यात डोळ्याला न दिसणारी झाडं तरंगून राह्यली, सगळे मासे शेवटी यांच्यावरच जगतात. तू वाकून पाहिलंस अन् म्हणालीस, "मले तर काहीच दिसत नाही." तुले आज जे दिसते ते माझ्यामुळे.

आता एक विचारतो. मागच्या मार्चमध्ये नागपूरला बाबांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. तू आली नाहीस. "मार्चमध्ये बोट सोडता येत नाही" म्हणालीस. मला आजही वाटतं, तू बोटीवर नव्हतीसच. दवाखान्यात यायचं नव्हतं म्हणून समुद्राचं नाव पुढे केलंस. खरंच मोजलं असेल तर आकडे पाठव. नसेल तर सुनावणीत गप्प बस.

हर्षदीप


कोत्तपालेम,
१९ जानेवारी

दादा,

आकडे सोबत आहेत. वर्षभराचे, जसेच्या तसे. ज्या फेरीत बाटली हरवली तिथं हरवली असं लिहिलंय.

तुला जी तारीख शोधायची आहे ती मीच सांगते. ९ मार्च. बाबांना आत नेलं तो दिवस. मी बोटीवर होते. पाणी इतकं नितळ होतं की टांगलेली बाटली बोटीतून दिसत होती, आणि वर काढली तेव्हा काचेला आतून प्राणवायूचे बारीक बुडबुडे चिकटले होते. वर्षातला सगळ्यात मोठा आकडा त्याच दिवसाचा आहे, जुलैच्या चौपट. किनाऱ्याला लागले तेव्हा वहिनीचा निरोप आला होता, ऑपरेशन झालं, शुद्धीवर आहेत.

तू मला खोटारडी म्हणालास. मी खोटं बोलले असते तर तुझं काम सोपं झालं असतं, नाही का? मी खरंच आले नाही. बाबा आणि मार्च यांतून मी मार्च निवडला. माफी मागायला हे लिहीत नाही. तुला आकडे हवे होते, ते असे मिळालेले आहेत.

आता तू निवड.

दीपमाला


कोत्तपालेम,
२ फेब्रुवारी

दादा,

येणार आहेस हे एका ओळीने कळवता आलं नसतं?

मी पहिल्या रांगेत कागद घेऊन बसले होते, तुझं नाव घ्यायच्या तयारीत. समोर अधिकारी, बाजूला जेट्टीच्या कंपनीचे लोक, मागे मंडप भरून कोळी माणसं. माझी पाळी यायच्या आधी मागून कोणीतरी बोलायला उठलं. आवाज ओळखीचा वाटला म्हणून वळून पाहिलं, तर तू. बसच्या प्रवासाने चुरगळलेला शर्ट, वाढलेली दाढी. आपल्या आदिलाबादी तेलुगूत म्हणालास, "अहवाल माझा आहे. त्यातले महिने चुकलेत. मी गाळाला प्लवक समजलो. फेब्रुवारी ते एप्रिल इथं यंत्र लावू नका."

कंपनीच्या माणसाने विचारलं, "हे आज कशावरून कळलं?"

"मोजलेल्या आकड्यांवरून. ते मी मोजलेले नाहीत."

बस, एवढंच. मग कोणी मोजले, दादा? वर्षभर दोर ओढून माझे हात सोलले. पुढे मी बोलले तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे तुझ्याकडेच बघत होते. या तीन महिन्यांत उपसा होणार नाही असं ठरलं. लोक टाळ्या वाजवत होते, त्या तुझ्यासाठी. चूक करणारा तू आणि मोठेपणाही तुझाच.

मी तुला शोधत बाहेर आले तर तू गेलेला. माझी खोली मंडपापासून हाकेच्या अंतरावर आहे. एक कप चहा घेतला असतास तर काय बिघडलं असतं?

दीपमाला


आदिलाबाद,
१२ मे

दीपमाला,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण देण्यासारखं नव्हतं.

तुझ्याकडे चहा प्यायला मी आलो नव्हतो. चूक माझी होती, ती माझ्या तोंडाने सांगायला आलो होतो. तुझं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात भाऊबहिणीचा तमाशा छापून आला असता. अन् त्या नऊ मार्चच्या आकड्याला तुझं नाव जोडायला माझी जीभ वळली नाही. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून दर थोड्या वेळाने तुला फोन लावत होतो. तो आकडा खरा आहे, म्हणून मी वापरला. चांगला आहे असं मी कधी म्हणणार नाही.

हैदराबादच्या कंपनीने काम काढून घेतलं. त्याबद्दल तुझी सहानुभूती नको.

आता कामाचं ऐक. जेट्टीवाले नवा अभ्यास करतील अन् म्हणतील की तुझा पावसाळा एकाच वर्षाचा आहे, एका वर्षावरून ऋतू ठरत नाही. बरोबरच म्हणतील. म्हणून हा पावसाळा पुन्हा मोजावा लागेल, अन् तो मी मोजणार. तुझ्या केंद्राचे प्रमुख मला गोव्यापासून ओळखतात. मी त्यांच्याशी बोललो. ते हो म्हणाले. जुलै ते सप्टेंबर तू इथं राहायचं.

जूनच्या शेवटच्या रविवारी मी निघतो. भाग्यश्री शाळेत शिकवायला सकाळच्या बसनं तामसीला जाते ती संध्याकाळी येते. तू आलीस तर दिवसा बाबांजवळ कोणी असेल. नाही आलीस तर नसेल. तू निवड.

हर्षदीप


आदिलाबाद,
२० जुलै

दादा,

माझ्या पाठीमागे माझ्याच साहेबांशी बोलणाऱ्या माणसाला दादा लिहायचं जिवावर येतं. साठवलेली सगळी रजा घालवून आले आहे. माझी बस स्टँडवर लागायच्या आत तुझी निघून गेली होती. थांबला असतास तर तोंड बघावं लागलं असतं ना.

बाबांचं सगळं करते आहे. उठवणं, अंघोळ, भरवणं, चादरी. नऊ वर्षं ज्याचा तू एवढा गाजावाजा केलास ते हेच ना? जमतं. कोणालाही जमेल.

पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळखलं आणि डावा हात धरून रडले. दुसऱ्या दिवसापासून दाराकडे बघत असतात. "हर्ष" एवढा एक शब्द त्यांना स्पष्ट येतो. दिवसातून किती वेळा येतो ते मी तुला सांगणार नाही.

काळ्या बाटलीचं कापड दुपदरी कर, एकपदरीतून उजेड जातो. उलट्या होत असतील तर दोर बोटवाल्याच्या हातात दे. माझी बाटली बुडवू नकोस. आकडे वेळच्या वेळी पाठव.

दीपमाला


कोत्तपालेम,
२४ ऑगस्ट

दीपमाला,

उलट्या पहिल्या दोन फेऱ्यांना झाल्या, मग थांबल्या. बाटली एकही बुडली नाही.

पूर मोठा आहे. परवा बाटली वर काढली तर आत दुधाळ चहा. पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडली, हातभर खाली गेली नाही तोच दिसेनाशी झाली. उघड्या अन् काळ्या बाटलीत फरक जवळजवळ शून्य. त्याच दिवशी दुपारी ढग जरासे फाटले होते. संध्याकाळी मी उपग्रहाचा फोटो उघडला, तर हा सगळा भाग हिरवागार. तुझं बरोबर होतं. लिहून देतो, पण त्यावर नाचू नको.

आणखी एक. मी ऑक्टोबरला येत नाही. इथंच थांबतो. पुढचा फेब्रुवारी, मार्च, एप्रिल मीच मोजणार. तुझ्या साहेबांना तसं सांगितलं आहे, अजून त्यांनी नाही म्हटलेलं नाही. नऊ वर्षांनी माझ्या हाताला खारं पाणी लागलं. पहाटे बोट निघते तेव्हा मले मी माणूस असल्यासारखं वाटते. आता पुन्हा त्या खोलीत येऊन लॅपटॉपवर समुद्र पाहणं माझ्यानं होणार नाही.

तू बाबांजवळ राह्य. तुझं तर सगळं जमून राह्यलं.

हर्षदीप


आदिलाबाद,
३ सप्टेंबर

हर्षदीप,

आजपासून दादा नाही.

तू चोर आहेस. माझी खोली, माझी बोट, माझ्या बाटल्या घेतल्यास, आता माझा मार्च घेतोस? त्या मार्चसाठी मी काय सोडलं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? वर्षभर मला त्यावरून खुनी असल्यासारखं वागवलंस, आणि आता तोच तुला हवा झाला! म्हणजे माझं मार्च निवडणं वाईट नव्हतं. ते तुझ्या वाट्याला आलं नाही, एवढंच तुझं दुखणं होतं.

या घरात मले श्वास घेता येत नाही. बाबा माझ्याकडे पाहतात अन् तुझं नाव घेतात. मी पेपर वाचून दाखवते, ते डोळे मिटतात. इथं मी कोणाची कोणी नाही.

तीस सप्टेंबरला मी निघणार. तू आलास तर दिवसा बाबांजवळ कोणी असेल. नाही आलास तर नसेल. तुझेच शब्द आहेत, वाचून बघ कसे लागतात.

दीपमाला


आदिलाबाद,
७ सप्टेंबर

यांना अन् दीपाताईंना,

दोघांना हे एकच पत्र. एक प्रत पोस्टात टाकते, एक दीपाताईंच्या उशीजवळ ठेवते.

तुमची पत्रं मी वाचली. आलेली असो की पाठवायची, तुमी दोघंही ती टीव्हीवर उघडीच टाकता, अन् धूळ तर मीच पुसते. पहिल्यांदा हसू आलं. मग आलं नाही.

यांनी लिहिलं, बाबांना उठवतो, बसवतो, कपडे बदलतो. काऊन असं लिहिता हो? नऊ वर्षांत बाबांची अंघोळ तुमी कितीदा घातली? बाबांनी आवाज केला की तुमी लॅपटॉपवरून म्हणता, "भाग्यश्री, बघ जरा." सकाळी त्यांना पुसून, कपडे बदलून, भरवून मी तामसीची बस धरते. संध्याकाळी आली की पहिली चादर बदलते, मग चहा ठेवते. पाठीला जखम होऊ नये म्हणून त्यांना कुशीवर वळवावं लागते, ते कोण करते? तुमी दुपारी त्यांना औषध दिलं, त्यांच्याजवळ बसले, ते खरं आहे. ते मी नाही म्हणत नाही.

दीपाताई, तुमी भरवता, पेपर वाचून दाखवता, तेही खरं आहे. पण पहिल्याच आठवड्यात चादर बदलायला गेल्या अन् तोंडावर ओढणी धरून बाहेर आल्या. तेव्हापासून ते मीच करते. मी कोणाजवळ बोलली नाही, वाटलं, माहेरी आल्या, राहू द्या. अन् तुमी यांना लिहिता, सगळं करते आहे, कोणालाही जमेल.

एवढ्या पत्रांत मी दोनदा आली. एकदा निरोप देणारी म्हणून, एकदा बसमध्ये बसणारी म्हणून.

मले मुधोळच्या बाजूच्या एका शाळेत मुख्याध्यापिकेचं पद आलं आहे. मागे दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा नको म्हणून लिहून दिलं, बाबांसाठी. यांना सांगितलं बी नाही, सांगून काय होणार होतं? या खेपेला हो म्हटलं. एक ऑक्टोबरला रुजू होते. तिथंच खोली घेतली. रविवारी बाबांना भेटायला येत जाईन.

बाबांना विचारलं. म्हटलं, "बाबा, मी जाऊ का? तुमी नको म्हटलं तर नाही जात." त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मी तिथंच बसून रडली. तुमी दोघं घरात नव्हतेच, एक समुद्रावर, एक बाजारात.

मार्च कोणाचा ते तुमी ठरवा. बाबा बाराही महिने असतात.

भाग्यश्री


कोत्तपालेम,
१५ सप्टेंबर

दीपमाला,

भाग्यश्रीला फोन केला. तिनं उचलला. माझं सगळं ऐकून घेतलं, अन् "बस आली" म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला, तर उचलला नाही.

मी २८ तारखेला पोचतो. बाटल्या धुऊन तुझ्या साहेबांच्या ताब्यात देऊन निघतो. सप्टेंबरची शेवटची फेरी राहून जाईल, राहू दे. आकडे सोबत पाठवतो आहे.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तुझाही गेला नसेल. तू मला चोर म्हणालीस त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते आता देत नाही. मार्चवर आपण भांडू, समोरासमोर भांडू, बाबांना ऐकू जाणार नाही अशा ठिकाणी.

मी पोचेन तेव्हा भाग्यश्री जायला दोनच दिवस उरतील. बाबांना कुशीवर कसं वळवायचं ते तिला विचारून ठेव. हात कुठं द्यायचा, पाय आधी की खांदा, उशी कुठं लावायची. मला येत नाही. ती ते करायची तेव्हा मी त्याच घरात असायचो, पण कधी उठून पाहिलं नाही. तिच्यासमोर जाऊन आता विचारायची मला हिंमत नाही, म्हणून तुला सांगतो आहे.

तीस तारखेला निघू नको. तिला एकटीला जमत होतं. आपल्याला दोघं लागतील.

हर्षदीप